नाकेदाराचा वानोळा

नाकेदाराने सरळ लाच मागितली असती, तर आम्ही बायकांनी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या, मागेल ते दिलं असतं आणि पुढे चालू लागलो असतो. त्या काळी कुणाचा हात पुढे नव्हता? तलाठी दप्तर सोडायच्या आधी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायचा. लोकल बोर्डाचा मुकादम रस्त्यावर खडी टाकायच्या आधी गावाकडून जेवण उकळायचा. सगळ्यांना सवयच झाली होती. पण आमच्या नाकेदाराला लाच हा शब्द तोंडात घ्यायची लाज वाटायची. शिकलेला माणूस, कपाळाला गंध, अंगात धुतलेला कोट. त्याने वानोळा मागितला, आणि तिथेच गडी फसला.

आता शहरात वाढलेल्या माझ्या नातींना वानोळा म्हणजे काय हेही सांगावं लागतं. घरात काही नवं आलं, म्हणजे पहिल्या शेंगा, कोवळा हुरडा, हरभऱ्याचा डहाळा, नाहीतर म्हैस व्यायल्यावरचा चीक, की त्यातलं थोडं शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे पाठवायचं. तो वानोळा. तो मागायचा नसतो, मोजायचा नसतो, आणि ज्या भांड्यातून आला ते भांडं रिकामं परत करायचं नसतं. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामं भांडं परत देणारीला बायका वर्षभर नावं ठेवतात.

हे सगळं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतलं. माझं लग्न नुकतंच झालेलं. सासर पारनेरच्या अंगाला, तिथून सकाळच्या थंड वेळेत निघालं की उन्हं चढायच्या आत नगर यायचं. माहेर कर्जतकडचं. तिकडे पाऊस कमी आणि माणसं हट्टी, त्यातली मी एक. वडिलांनी मला आंदण म्हणून म्हशीची एक वगार दिली होती आणि तिला स्वतः चालवत सासरी आणून बांधली होती. पुढे ती व्याली आणि दोन्ही वेळची चरवी भरून दूध द्यायला लागली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि माझ्याशिवाय कुणालाही पान्हा सोडायची नाही. मला फार अभिमान तिचा! बायका दागिने मिरवतात तशी मी ती म्हैस मिरवायची.

मालक कारखान्यात हंगामाला गेलेले. घरात मी, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि मामंजी. मामंजी शब्दाला महाग. सरकारी टोपी दिसली की त्यांची मान आपोआप खाली जायची. घरात मात्र त्यांचा शब्द शेवटचा. लढाईने सरकी-पेंड महाग केलेली, तेव्हा संक्रांतीच्या आसपास त्यांनी एक दिवस सांगून टाकलं, "म्हशीनं आपली पेंड आपन कमवावी. पाडव्यापत्तूर बघतो. न्हाई जमलं तर बाजार दाखवू."

म्हैस माझी, माझ्या बापाने दिलेली. पण सासरच्या दावणीला बांधलेली म्हैस कुणाची, हे विचारायची तेव्हा सुनेची टाप नव्हती. माझी टाप होती, पण आत्याबाईंनी डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

तर पेंड कमवायची म्हणजे लोणी विकायचं. नगरच्या लष्करी छावणीतल्या एका मेसचा खानसामा आमचं लोणी रोज घ्यायचा. गोऱ्या साहेबांना ताजं लोणी लागायचं, आणि ते घट्टच लागायचं. आम्ही लोण्याचा गोळा मडक्यात गार पाण्यात सोडायचो, वरून ओलं फडकं बांधायचो आणि आत्याबाई पुढे, मी मागे अशा चालायला लागायचो. वाटेत आणखी बायका मिळायच्या. कुणाकडे भाजी, कुणाकडे बोरं, कुणाकडे दही. आमच्या गावच्या मिशन शाळेतल्या मास्तरांची बायको अंड्यांची टोपली घेऊन यायची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. गळा गोड, चालता चालता देवाची गाणी म्हणायची आणि मधेच थांबून नाकेदाराचा उद्धार करायची.

तो नाका! रस्त्यावर आडवा बांबू, कडेला पत्र्याची खोली, खोलीत टेबल, टेबलामागे नाकेदार आणि टेबलाखाली त्याची भांडी. शहरात माल न्यायचा तर म्युनिसिपालिटीची जकात भरायची, पावती घ्यायची, की बांबू वर. कायदा एवढाच. जकात आम्ही भरत होतोच. पण पैसे घेतल्यावर तो हसून, गोड आवाजात म्हणायचा, "काय आजी, आमच्याकडचा वानोळा विसरलात वाटतं?"

मग टेबलाखालचं भांडं बाहेर यायचं. दहीवालीचं दही त्यात, भाजीवालीची भाजी टोपलीत, बोरं खिशात. आमच्या लोण्यातला तर चांगला मोठा लपका तो बोटानेच काढून घ्यायचा. मास्तरीणबाईची अंडी शिपाई आत नेऊन ठेवायचा. वानोळा दिला नाही, तर पावतीपुस्तक सापडायचं नाही. दौत सांडलेली असायची. शिपाई पाणी प्यायला गेलेला असायचा. "बसा जरा," नाकेदार म्हणायचा, आणि आम्ही उन्हात बसायचो. सावलीला एक झाड होतं, पण त्याखाली त्याची सायकल उभी असायची.

एक दिवस माझा तोल सुटला. तो लोण्यात बोट घालायला वाकला तशी मी मडकं मागे ओढलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वानोळा आपखुशीनं देत्यात. मागून घेत्यात त्याला भीक म्हनत्यात."

मागच्या बायका फिसकन हसल्या. नाकेदाराचा चेहरा लालबुंद झाला. "बस तिकडे," म्हणाला. बसले. सूर्य डोक्यावर आला तरी बसलेच होते. हात मडक्यात घातला तर गोळ्याचं पार कालवण झालेलं. खानसाम्याने मडक्यात डोकावून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, असंच चाललं तर आपण दुसरीकडून घेऊ.  घरी आले तेव्हा मामंजी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून तिची किंमत केल्यासारखं बघत राहिले.  वडिलांनी एवढं चालवत आणलेलं जनावर मी माझ्या फटकळ तोंडापायी घालवणार की काय, असं वाटलं.

रडू आवरेना. भाकरी थापताना आत्याबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "रडतीस कशापायी? तू काय चुकीचं बोललीस?"

"चुकीचं नव्हतं तरी म्हैस जातीय न्हवं?"

त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. मग एकाएकी हात थांबवून हसायला लागल्या. पोट धरून हसायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीला झालं काय!

"अगं, त्यो मुडदा वानोळाच म्हनतो ना? लाच तर म्हनत न्हाई ना? मग देऊ की वानोळा! पन रीतीनं देऊ. वानोळा असा नाक्यावर देत्यात व्हय? वानोळा घरी नेऊन देत्यात, घरधनिणीच्या हातात. आपल्या भांड्यातून."

मला लगेच उमजलं नाही. उमजलं तेव्हा मीही पिठाच्या हाताने तोंड दाबून हसायला लागले.

दुसऱ्या खेपेला आत्याबाई नाकेदारापुढे अशा काही नमून उभ्या राहिल्या की मलाच त्यांचं कौतुक वाटलं. "भाऊसाहेब, पोरीचं काई मनावर घिऊ नका. ह्ये असं टेबलाखाली देनं बरं दिसत न्हाई. तुमची मानसं, तुमचं घर. आमी वानोळा घरीच पोचवतो, वैनीसायबांच्या हातात."

माणूस खूश झाला. त्याच्या अब्रूला हे फार बरं वाटलं. टेबलाखालची भांडी, शिपायाची नजर, सगळंच मिटलं. त्याने घराचा पत्ता सांगितला, झटकन पावती फाडली आणि बांबू वर गेला. ऊन अजून कोवळं होतं. खानसाम्याने लोणी हातात घेऊन दाबून बघितलं आणि मुकाट्याने पैसे दिले.

मग आम्ही नाकेदाराच्या घरी गेलो. माळीवाड्याच्या अलीकडे एका चाळवजा घरात दोन खोल्या. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका मुलीने. बारीक चणीची, नाकात चमकी, आणि बोलणं घाटाखालचं, हेल काढून. नगरला येऊन तिला थोडेच महिने झालेले. इथलं पाणी जड, वारा कोरडा, शेजारीण तोंड उघडत नाही, असं ती पहिल्या पाच मिनिटांतच सांगून मोकळी झाली. आत्याबाईंनी वाटीएवढ्या तांब्यातलं लोणी पुढे केलं. "वानोळा हाय. घरच्या म्हशीचा."

"अगो बाई! माझ्यासाठी?" तिचे डोळे भरून आले. आम्हाला कुंकू लावलं, गुळाचा चहा दिला, पुन्हा पुन्हा "तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात" म्हणाली. आणि मग तांब्या धुऊन, पुसून, काठोकाठ तांदूळ भरून परत दिला. घाटाखालचे, तिच्या माहेरचे. त्या दिवसांत रेशनावर मिळायचे ते खडे नव्हेत, खरे तांदूळ! आमच्या घरी भात म्हणजे सणासुदीला. रस्त्यावर येईपर्यंत आत्याबाई गंभीर होत्या. कोपरा वळल्यावर त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून हसत सुटल्या.

घरी मामंजींच्या ताटात भात वाढला. "ह्यो कुठला?" त्यांनी विचारलं. "नाकेदाराचा," आत्याबाई म्हणाल्या. मामंजींचा घास तोंडाशी थांबला. सरकारी माणसाकडून काही येतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

बातमी लपते थोडीच! आठवड्याभरात नाक्यावरून जाणाऱ्या सगळ्या बायका वानोळा घेऊन त्या घरी जायला लागल्या. आणि वानोळा तरी केवढा! एकीने चार बोरं नेली, मोठ्या पातेल्यातून. एकीने तांदुळज्याची जुडी, घमेल्यातून. एक म्हातारी तर परातीत चिंचेचे दोन आकडे ठेवून गेली. वानोळा मोजायचा नसतो ना! पण भांडं भरूनच परत करायचं असतं. आणि ती पोर मनाची राजा. कुणाच्या पातेल्यात पोहे, कुणाला नारळ, कुणाला आमसुलं, कुणाला रेशनची साखर. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना चहा. घरात बायकांचा नुसता गलका. शेजारणीसुद्धा मग तोंड उघडायला लागल्या. फक्त मास्तरीणबाई तेवढी यायची नाही. "मी ख्रिस्ती, आनि टोपलीत अंडी. कशाला उगीच त्यांचं सोवळं मोडू?" म्हणून ती अंडी नाक्यावरच देऊन मोकळी व्हायची.

नाकेदार आठ-पंधरा दिवसांत उतरला. एकदा त्याने डबा उघडला तेव्हा मी मुद्दाम मान लांब करून बघितलं. वाळकी भाकरी आणि तांदुळजा! भात खाणारा माणूस तो, भाकरी त्याच्या घशाखाली उतरेना. आम्ही पुढे झालो तसा तो घाईघाईने म्हणाला, "हे बघा आजी, आज वानोळा नको. मुळीच नको. सरळ जा."

"असं कसं भाऊसायब!" आत्याबाईंनी गालावर हात मारून घेतला. "रीत हाय ती. वैनीसायब वाट बघत असतीन."

बिचारा बायकोला काय सांगणार? वानोळा घेऊ नको म्हणावं, तर का म्हणून ती विचारणार. त्या महिन्याभरात आम्ही इतक्या हसलो, की चालून चालून दुखणारे पाय कुणाला आठवले नाहीत. लोणी वेळेवर पोचत होतं. पेंडीचे पैसे सुटत होते. म्हशीच्या बाजाराचं नावही मामंजी काढत नव्हते. मी तर दूध काढताना गाणी म्हणायला लागले.

आणि मग शिवरात्र उलटली, ऊन तापायला लागलं आणि नाकेदाराचं डोकंही. त्याला वाट सापडली. बायकोला सांगता येत नव्हतं, पण तिच्याकडे जायला वेळच उरू नये एवढा आमचा खोळंबा करणं त्याच्या हातात होतं. एका सकाळी त्याने ठणकावलं की आजपासून प्रत्येक टोपलं, प्रत्येक मडकं सोडून, तपासून, मगच पावती. तपासणार तो एकटा, आणि सावकाश. पुन्हा आम्ही उन्हात. यावेळी भांडं पुढे केलं तरी घेईना. दोन खेपा लोणी वितळलं. खानसाम्याने निर्वाणीचं सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर दाराशी येऊ नका. मामंजींनी तर पहिल्याच खेपेनंतर म्हशीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडलेला. पाडवा तोंडावर आलेला. निरोप ऐकला त्या दिवशी मी ताटावरून उठले. गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडले आणि तिने माझा पदर चावून ओला केला.

दुसऱ्यांदा लोणी गेलं त्याच दुपारी, परतताना, आम्ही रिकाम्या हाताने तिच्या दाराशी गेलो. मास्तरीणबाईही आली. ती म्हणाली, आज मला राहवत नाही. ती पायरीखालीच उभी राहिली, पण विकून उरलेल्या अंड्यांची टोपली पुढे केली. "वैनी, माझा पन वानोळा घ्या."

वहिनी टोपलीत डोकावली आणि गोंधळली. "अगो बाई, अंडी? नको हो. आमच्या घरात अंडं येत नाही. ह्यांना तर वाससुद्धा सोसत नाही."

"कुनाला, सायबांना?" मास्तरीणबाईचा आवाज चढला. "रोज नाक्यावर माझी अंडी घेत्यात की! शिपाई उकडून देतो. वर मीठ-मिरपूड मागत्यात."

मी हसू दाबायला ओठ चावला. पण वहिनी हसली नाही. "रोज घेतात? म्हणजे विकत?"

 आत्याबाईंनी सगळं सांगितलं. टेबलाखालची भांडी, हरवणारं पावतीपुस्तक, वितळलेलं लोणी, माझी म्हैस, पाडवा. काही लपवलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता. मग ती आत गेली. मला वाटलं, संपलं, आता दार लावून घेणार. पण ती नारळ घेऊन बाहेर आली, पायऱ्या उतरून खाली गेली आणि मास्तरीणबाईच्या टोपलीत, अंड्यांच्या शेजारी, तो नारळ स्वतःच्या हाताने ठेवला. "उद्या केव्हा येता नाक्यावर?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मामंजीही निघाले. कडब्याची गाडी विकायची होती, आणि संध्याकाळी व्यापारी येणार होता, त्याआधी बाजाराचा भावही कळला असता. नाक्यावर पोचलो तेव्हा गाड्यांची रांग लागलेली आणि आम्हा बायकांची वेगळी. आम्ही बसलो. नाकेदाराने पहिलं टोपलं सोडलं आणि एकेक भेंडी उलटून बघायला लागला. मामंजी गाडीवर मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात शहराच्या बाजूने ती आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात झाकलेलं पातेलं, आणि एकटी, भर रस्त्याने! कारकुनाची बायको अशी नाक्यावर येते म्हणजे त्या काळी काय, हे आता सांगून कळायचं नाही. गाडीवानांनी बिड्या खाली केल्या. ती बांबूखालून वाकून आमच्या बाजूला आली आणि माझ्याशेजारी मातीत मांडी घालून बसली.

नाकेदार धावतच बाहेर आला. "तू? इथे काय करतेस? ऊठ!"

"मला शहरात जायचंय," ती म्हणाली. "पातेल्यात पोहे आहेत. तपासा. माझा नंबर लागेपर्यंत बसते."

"वेड लागलंय का तुला? उन्हात कशाला बसतेस?"

"ह्या बसल्यात ना." ती उठली नाही. "ह्यांनी आणलेलंच मी महिनाभर खाल्लं. मग ह्यांच्याबरोबर बसायला नको?"

नाकेदार तिथेच उभा राहिला.  तेव्हा माझ्या तोंडाला पुन्हा खाज सुटली. मी उभी राहिले आणि बोलले, "भाऊसायब, वैनीला सावलीत बसू द्या, आनि आमची पावती फाडा. लोनी गेलं तर आज माझी म्हैस जाईल. तुमाला वानोळा पायजे तर मी जल्मभर घिऊन यीन, वैनीसाठी. पन ह्यो नाका म्युनिसिपालटीचा हाय, तुमचा न्हाई."

गाडीवानांपैकी कुणीतरी म्हणालं, "शाब्बास!" मी वळून बघितलं तर मामंजींनी मान वर केलेली. मी त्यांना तशी मान वर केलेली कधीच पाहिली नव्हती.

नाकेदार खोलीत गेला. पावतीपुस्तक टेबलावरच होतं. तो भराभर लिहायला लागला, आमच्याकडे न बघता. झाडाखालची सायकलही शिपायाने आपणहून हलवली. आम्ही सगळ्या सावलीत सरकलो, आणि तेव्हा वहिनीने आत्याबाईंचा हात धरून हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा. तुम्ही माझ्याकडे येत होतात, चहा घेत होतात, हसत होतात... ते सगळं भांडं भरून घ्यायलाच का हो?"

तिच्याशी आत्याबाईंना खोटं बोलवेना. "पयल्या दिशी व्हय," त्या म्हणाल्या. "मग न्हाई. मग तुझ्यासाठीच येत हुतो बाई."

ती रडता रडता हसायला लागली. मास्तरीणबाईने तिचे डोळे आपल्या पदराने पुसले, आणि तिने पुसू दिले.

बांबू वर गेला. खानसाम्याने लोणी घेतलं. नाकेदार नंतर लगेच सुधारला असं मी म्हणणार नाही. बांबू वेळेवर वर करायचा एवढं खरं, पण आमच्याशी मान वर करून कधी बोलला नाही. त्याच्यानंतर आलेला नाकेदार सरळ पैसे मागायचा, काही नाव न देता, आणि त्याला कशाने धरावं हे आम्हाला कधीच कळलं नाही. पहिल्याला निदान लाज होती. वहिनी मात्र नगरला असेपर्यंत आमची होती.

त्या संध्याकाळी व्यापारी आला. धोतराचा सोगा हातात, दोर खांद्यावर. त्याने म्हशीचे दात पाहिले, कास चाचपली, मामंजींचा हात उपरण्याखाली घेऊन बोटांनी भाव करायला लागला. मी गोठ्याच्या दाराशी उभी होते.  सकाळी नाक्यावर एवढी बोलले, पण घरात मामंजींपुढे बोलायची रीत नव्हती.

मामंजींनी उपरण्याखालून हात काढून घेतला.

"माझ्याशी कशाला भाव करतोस?" ते म्हणाले. "म्हैस माझी न्हाई, सुनंची हाय. तिला इचार."

व्यापाऱ्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला. मामंजी हसले नाहीत. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि काय बोलावं न सुचून म्हणाला, "काय वैनी, द्यायची का?"

मी "न्हाई!" म्हणाले. इतक्या मोठ्याने, की आत्याबाई पिठाचे हात घेऊन बाहेर धावत आल्या.